जोनचं नाणं आणि आईची टूथपेस्ट

लक्ष्मीपूजनाला दिवे लावून देवासमोर बसले आणि ताम्हनात पाहिलं. चांदीच्या नाण्यांच्या मधोमध जोनचं सोन्याचं नाणं झळकत होतं... झळकत होतं, हाच तर प्रॉब्लेम.

जोन म्हणजे आमची इथली, वेलिंग्टनपासून दोन तासांवरच्या पामर्स्टन नॉर्थची शेजारीण. ऐंशी ओलांडलीय, एकटी राहते. मी फार्मसिस्ट, त्यामुळे तिच्या गोळ्यांच्या शंका कुंपणावरून मलाच विचारते.

खुब्याच्या ऑपरेशनला जाताना तिने ते माझ्या हातात ठेवलं. जुनं अमेरिकन दहा डॉलरचं नाणं, एका बाजूला बाईचा चेहरा, दुसरीकडे गरुड. तिचे पणजोबा कॅलिफोर्नियात सोनं खणून मग इकडच्या खाणींवर आले, तेव्हा खिशात हे होतं म्हणे. बरी झाले की वेलिंग्टनच्या नाणेवाल्याला दाखवू, दुर्मिळ आहे का बघू, मग कोणाला द्यायचं ते ठरवीन... तोवर तू सांभाळ, म्हणाली.

तेव्हा ते काळपट तांबूस दिसत होतं. मी कपाटात ठेवलं आणि पुण्याहून दिवाळीला म्हणून काही महिने राहायला आलेल्या आईला सांगितलं, जोनचं आहे, जपायचं.

आईने जपलंच. आधी चिंचेचा कोळ, मग टूथपेस्ट लावून माझ्या लेकीचा जुना ब्रश. आमच्याकडे देवाची चांदी अशीच घासतात. "दुसऱ्याची लक्ष्मी घरी आलीय, तिला पारोशी कशी बसवू पूजेला?" आई म्हणाली. मी छान निघालंय म्हटलं... सणाच्या दिवशी दुसरं काय म्हणणार होते?

आरती झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन फोनवर शोधलं. सगळीकडे एकच लिहिलेलं, जुनं नाणं कधीही घासू नका.

पण खरी भीती वेगळीच होती. दिलं तेव्हा मळकट, परत देणार ते कोरं करकरीत... जोनला वाटलं की आम्ही बदलून दुसरंच दिलं, तर? आणि मुळात ते नकलीच असलं, तर? नाणेवाला नकली म्हणाला की बोट कोणाकडे जाणार, ते मला दिसतच होतं. इथे इतकी वर्षं राहूनसुद्धा हे असलं मनात येतं हो. घरात कोणाला बोलले नाही. फार्मसीत एकच प्रिस्क्रिप्शन पुन्हा पुन्हा तपासत बसायचे.

जोन चालायला लागली आणि परवा आम्ही वेलिंग्टनला गेलो. नाणं पिशवीत बंद, पिशवी माझ्या मांडीवर, गाडी नवरा चालवत होता. मागच्या सीटवर जोन मजेत गप्पा मारत होती, आणि मी वाटेतलं लेव्हिन गाव येईपर्यंत नुसती हं हं करत होते. सांगून टाकावं असं दरवेळी वाटायचं... आणि तोंडच उघडायचं नाही.

नाणेवाला शांत माणूस. काठाला धरून त्याने नाणं उचललं, वजन केलं, भिंग लावलं. दिव्याखाली तिरकं फिरवत राहिला. बराच वेळ.

अस्सल आहे, म्हणाला. गरुडाखालचं बारीक अक्षर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं, पण त्या वर्षी अशी नाणी ढिगाने पाडली होती, म्हणजे दुर्मिळ नाही. मग परत भिंग लावून म्हणाला, "यावर ब्रश फिरलाय. तोही अलीकडेच." केसासारखे ओरखडे त्याने मला दाखवले. जुन्या सोन्यावर काळाने एक साय धरते, जमवणारे तीच बघतात, आणि ती गेली की परत येत नाही. आता याची किंमत फक्त सोन्याची.

जोन माझ्याकडे बघत नव्हती. तिने त्याला विचारलं, बाईच्या हनुवटीखाली काठावर एक खाच आहे का?

आहे, तो म्हणाला. "ती माझ्या वडिलांची सुरी," जोन म्हणाली. त्यांच्या घरी दर ख्रिसमसला हे नाणं पुडिंगमध्ये लपवायचे, आणि एका वर्षी वडिलांनी जरा जोरातच कापलं.

ते तिचंच नाणं होतं आणि त्याची खूण तिच्या डोक्यात पहिल्यापासून होती. मी मात्र इतके दिवस घाबरून अर्धी झाले होते.

गाडीत बसल्यावर सगळं ओकले. चिंच, टूथपेस्ट, ब्रश... आणि नाणं बदलल्याचा संशय तुला येईल ही भीतीही. तिला नीट कळेचना. "असं का वाटेल मला?" तिने दोनदा विचारलं. मला रडूच आलं.

लेव्हिन मागे पडल्यावर तिने विचारलं, आईने खरंच देवासमोर ठेवलं होतं का? फुलं वाहिली होती? हो म्हटलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते विकून टाक म्हणणारे ढिगाने भेटले. त्याला अंघोळ घालणारी तुझी आईच."

संशय जोनच्या मनात कधीच नव्हता, तो मीच सांभाळून ठेवला होता. नाण्यापेक्षा जास्त जपून.

आई, तू माझी प्रत्येक पोस्ट वाचतेस, आणि हे तुला तोंडावर सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. नाणं खराब झालंय, हो. पण पुढच्या दिवाळीलाही ते पूजेला ठेवशील का, असं जोनने विचारलंय... फक्त अंघोळ नको. रडू नकोस. मी किचनमध्येच आहे, चहा टाकलाय, वाचून झालं की ये.