रानातून आलेला सायकलवाला

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमी दोघं नवरा-बायको औंढ्याच्या देवळातून सायकलीवर घरी आलो. म्हातारी मागं कॅरेजवर बसून शेंगा फोडत होती अन् दाणे माझ्या हातात देत होती. त्याच आठवड्यात ती गेली. मग मी औंढ्याला जाणंच सोडलं. सडकेवर जो तो थांबवून विचारायचा, "कशानं गेली हो?" मला वैताग यायचा.

वरीसभरानं एक माणूस मागच्या डोंगरातून माझ्या शेतात उतरला. जाड टायरची, गेअरची सायकल. तशी आमच्याकडं तवर कुणी पाहिली नव्हती. केस माझ्यासारखेच पांढरे. पाणी प्यायच्या आधी त्यानं चाकात अडकलेली सागाची पानं काढली. औंढ्याचं देऊळ पाहून आलो म्हणाला. बोलता बोलता माझ्या विहिरीच्या जुन्या दगडांवरून हात फिरवून राहिला होता, जसा कुणी बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

"चांगली डांबरी सडक सोडून गुरांच्या वाटेनं काहून आलात?" मी विचारलं.

"सडकेवर लोक फार विचारतात, दादा. या वयात हे काय, घरी कोण आहे. रानात कुणी विचारत नाही."

मला हसू आलं. लई दिसांनी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलीत हवा भरली अन् त्याच रानवाटेनं औंढ्याला निघालो. चढावर उतरून ढकलली. वर तांड्यावरची एक बाई शेळ्या चारून राहिली होती. ती आमा दोघांना देवळात नेहमी पाहायची.

"बाबा, आज एकटेच? माय कुठं हाय?"

"वारली," म्हणलो. सायकल सागाला टेकवली अन् तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं.