मखराला पाठ नसते

थर्माकोल कापताना किंचाळतं.

कानात बोटं घालावीत असं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत श्रावण लागला की तो आवाज सुरू व्हायचा. मी कवितेचं पुस्तक मिटून गॅलरीत जायचो, तर शेजारचा वसंता उकिडवा बसून गणपतीचं मखर कापत असायचा.
अंगभर पांढरा भुगा. जणू त्याच्या एकट्याच्या दारात बर्फ पडलाय.

आज वसंताला जाऊन वर्ष झालं.

घाटकोपरला त्याचं वर्षश्राद्ध आहे आणि मी इथे मुलुंडला घरी बसलोय. मला बोलावणं नाही.
त्याच्या बायकोशी, शालिनीवहिनींशी मी खोटं बोललो होतो. तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत.
काय झालं होतं, ते आज लिहून टाकतो.

चाळीस वर्षं वसंताने मखरं केली. मग थर्माकोलवर बंदी आली. "बरोबरच हा रे," तो म्हणायचा, "खाडीत तरंगताना बघवत नाय." पण हात रिकामे झाले. पाठोपाठ हृदयाचं दुखणं, दोन स्टेंट. डॉक्टर म्हणाले, दगदग नको.

वहिनी त्याला फक्त माझ्याकडे पाठवायच्या.
"भावोजींकडे जा. त्यांच्या कविता ऐकून झोप तरी लागेल."

एका दुपारी तो आला तो मोबाईल नाचवतच.
"नान्या, ही पोरं बघ. सिनेमातल्यासारखं फोमचं चिलखत घालून कन्व्हेन्शनला, म्हणजे यांच्या जत्रेला जातात. कॉस्प्ले म्हणतात."
"मग?"
"मग काय मेल्या! मखरच हा रे! फक्त देवाच्या जागी आपण उभं राहायचं."

तीन महिने माझ्या हॉलमध्ये रोबोट उभा राहत होता.
फ्रिजचं खोकं, जुनी योगा मॅट, बेगड, गणपतीतल्या दिव्यांच्या माळा. छातीवर कमळ, डोक्यामागे प्रभावळ. गुडघ्यांना मोदकपात्राच्या चाळण्या. (आमच्या घरात त्यांचा शोध अजून चालू आहे. आता संपेल.)
"कुठल्या सिनेमातला?" मी विचारलं.
"माझ्यातला."

मी समोर आरामखुर्चीत बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. तो भिंतीला टेकवलेल्या त्या धडावर बेगड चिकटवायचा. बेगडीवरचं ऊन छतावर हलत राहायचं. आम्ही दोघं पाण्याखाली बसलोय असं वाटायचं.

कन्व्हेन्शनच्या दिवशी मी वहिनींना फोन केला. "आमच्या शाळेचं संमेलन आहे. वसंताला नेतो."
"न्या. पण फार चालवू नका हं त्यांना."
"नाही चालवणार."

रिक्षात रोबोटचं डोकं मांडीवर घेऊन मी गोरेगावपर्यंत गेलो.

तिथल्या हॉलमध्ये वसंताला रोबोटच्या आत उभं केलं, माळा पेटवल्या. पाच पावलं चालला असेल, मागे हशा पिकला. निळ्या केसांची एक मुलगी म्हणाली, "अंकल, पीछे तो कुछ है ही नहीं!"

मी मागे जाऊन बघितलं.
उघडं खोकं. सुतळीच्या गाठी. मध्ये वसंताचा घामेजलेला बनियन.

"काय झाला रे?" आतून आवाज.
"वसंता, मागची बाजू राहिली."
चिलखताचा एक हात मागे येऊन चाचपडला. मग, "मखराक पाठ नसता रे नान्या. ता भिंतीक लावतत."

चाळीस वर्षांची सवय. आणि मी तीन महिने समोर बसून होतो, माझ्याही लक्षात आलं नाही.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. तो आवाज मला सहन होईना.
"गप. मी भिंत होतो."

मी त्याच्या पाठीला पाठ लावली. तो पुढे चालणार, मी उलटा. पावलं जुळेनात. मग मी शाळेतला भुजंगप्रयात धरला.
लगागा. लगागा. लगागा. लगागा.
एक आखूड पाऊल, दोन लांब. रोबोटची चाल आपोआप जमली!

आतून त्याला एवढ्याशा फटीतून समोरचंच दिसत होतं. मला मागचं सगळं दिसत होतं. तो पुढे सरकला की लोक बोलता बोलता थांबत होते, मान वळवून बघत होते. निळ्या केसांच्या त्या मुलीने कोपरापासून हात जोडले. थट्टेने नव्हे, प्रभावळ बघून जोडले गेले असावेत. गर्दीचा आवाज लांब कुठेतरी गेला होता. दोन म्हातारे एका वृत्तावर तरंगत चाललेत.

"लोक बघतत काय रे?"
"वळून वळून बघतायत."
"खोटा बोलतंस."
"तुझी शपथ."
पाठीला पाठ होती. तो हसला ते मला मणक्यात कळलं.

संध्याकाळी वहिनींना त्याच्या कानामागे बेगडीचा चंदेरी कपटा दिसला आणि माझं संमेलन उघडं पडलं.

दोन महिन्यांनी वसंता झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा काही संबंध नाही. पण तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भावोजी, तुमच्याकडे विश्वासाने पाठवत होते मी."


इथवर लिहिलं आणि बेल वाजली.

दारात शालिनीवहिनी.
गुडघे दुखणाऱ्या बाईने लिफ्ट नसलेले तीन मजले चढले होते. हातात श्राद्धाच्या जेवणाचा डबा. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ.
मी बाजूला झालो. त्या आत आल्या, दम खात बसल्या. पाणीही घेतलं नाही.

"जायच्या आधी दोन महिने ते मला तो दिवस सांगायला बघत होते. मी ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी तोंड उघडलं की मीच उठून जायचे."

मग डबा बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. पहिल्यापासून. खोटं नको."

वसंता, लिहिणं इथेच थांबवतो, येतो रे. वहिनी ऐकायला थांबल्यात.