नव्वद टक्के चार्ज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्त करणारा एकजण बसतो. कोणाचाही फोन हाती आला, की आधी त्यावर फुंकर मारतो, मग नारळ पारखावा तसा कानाशी हलवतो. बोलतो मोजकंच.

डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून मी आणि माझी मैत्रीण कमल, दोघींनी गिला वडा सोडलाय. एकमेकींवर पूर्ण विश्वास आहे, म्हणून फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवलंय! मी चौकातल्या वड्याच्या गाडीशी जरा रेंगाळले, की तिचा फोन आलाच. "तिथं काहून थांबली वं तू?" पुन्हा सापडलीस तर बोलणं बंद, असं तिनं बजावलंय.

तरुणपणी मी देवळाबाहेर चपला ठेवून सिनेमाला पळायची. आईला वाटायचं, पोरगी देवापुढे बसलीय. आणि मी शहाणी, उन्हात अनवाणी चालून तळपायाला फोड घेऊन घरी यायची.

काल मी त्या मोबाईलवाल्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "अर्धा तास चार्जिंगले लाव रे भाऊ."

"नव्वद टक्के हाये, आजी."

"मंग दहा राहिलेच ना!"

तो हसला नाही. फुंकर मारून फोन फळीवर ठेवायला वळला. तिथे आधीच एक फोन चार्जिंगला होता. त्याच्या पाठीवर कमलच्या नातीनं चिकटवलेली गुलाबी मांजर होती.

त्यानं तो झटकन उलटा केला.

"हा कोनाचा हाये, मले मालूम नाई," असं म्हणत त्यानं माझ्याकडे स्टूल सरकवलं. "पन तुमी दहा मिनिटं इथंच बसा, आजी. गाडीवर आता जागा नाई."