बसंतीबाईचा चुडा

यवतमाळच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात माझ्या खोलीत कोण राहायला येणार, याची मला धास्तीच होती. आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या वडिलांनी, बाबारावांनी, घरातले देव नदीत सोडले आणि आम्ही मोकळे झालो. पण हॉस्टेलातल्या मुलींच्या नाकांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. दोघींनी पहिल्याच आठवड्यात खोली बदलून घेतली. तिसरी आली बसंतीबाई आडे, आर्णीच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरची. अंगात आरसे जडवलेली काचोळी, घेरदार लहंगा आणि दोन्ही दंडांवर कोपरापासून वर चढत गेलेल्या जाड, पांढऱ्या, हाडाच्या बांगड्या. गाठोडं टाकून ती माझ्या माठातलं पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "तुह्या खोलीत ढेकूण तर नाहीत ना वं?" मला ती तिथेच आवडली. साल बासष्ट होतं.

तिचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. नवरा भावसिंग चौथी शिकलेला, पण त्याला शिक्षणाचं भारी वेड. त्यानेच बायकोला घरी शिकवलं, आर्णीच्या शाळेत नेऊन बसवलं आणि सातवीची फायनल पास करवलं. स्वतः मात्र तो वणीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला जाई. तांड्यावर शाळा मंजूर व्हायची, पण मास्तर टिकायचा नाही. एक तर कुत्री फार भुंकतात म्हणून आठवड्यात पळाला. शेवटी साहेब लोकांनी सांगून टाकलं, तुमचंच माणूस ट्रेनिंग करून आणा, मग शाळा उघडू. अख्ख्या तांड्यात फायनल पास म्हणजे एकटी बसंती. ती पास झाली तर तिथल्या पोरांना शाळा, नाही तर गुरं आहेतच.

कॉलेजात पहाटे प्रार्थना, मग टकळीवर सूत, शिवण, बालमानसशास्त्र आणि मेसमध्ये पाणीदार वरण. युनिफॉर्म पांढरं पातळ. या सगळ्याच्या वर अधीक्षिका अभ्यंकरबाई. बाई बालविधवा होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. पाठ ताठ, हात मोकळे, आवाज चाबकासारखा. मुलींना त्यांची भीती वाटायची. पण हीच बाई रोज दुपारी बसंतीला स्वतःच्या खोलीत बसवून प्रमाण मराठी शिकवायची. "'मी गेली' नव्हे, 'मी गेले'," असं शंभरदा घोकून घ्यायची. माझ्यामुळे खोली बदलून मागणाऱ्या मुलींनाही त्यांनी असं झापलं होतं की बास.

घोडं अडलं ते सरावपाठाला. कॉलेजच्या शाळेत चौथीच्या वर्गावर पाठ घ्यायचा, मागे तपासनीस बसलेले. बसंती फळ्यावर लिहायला हात उचलायची की दंडावरच्या बांगड्या एकमेकींवर खडखड आपटायच्या. पोरं फळा सोडून दंडाकडे बघायची, मागच्या बाकावरून कोणी तरी खडखड नक्कल करायचं आणि वर्ग फुटायचा. दोनदा तिचा पाठ नापास झाला. तिसऱ्यांदा झाला असता तर वार्षिक परीक्षेला बसता आलं नसतं.

"काढून ठेव त्या," बाई म्हणाल्या.

"कशी काढू जी? हा चुडा हाये. नवरा जिता हाये माहा."

"असू दे की जिवंत! बांगड्या काढून कोणी मरत नाही आणि घालून कोणी जगत नाही. मला विचार."

मला विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी काढ म्हटलं असतं. घरातले देव सोडले ते काय उगाच? पण बसंतीच्या तांड्यात चुडा उतरतो तो एकदाच, नवरा गेल्यावर. चार दिवस तिने धड जेवण केलं नाही. पाचव्या दिवशी आपणहून बाईंकडे गेली. लग्नात चढवलेला चुडा आता भरलेल्या दंडांवरून उतरेना, म्हणून कासाराला बोलावून बारीक करवतीने कापावा लागला. ती रडली नाही. नुसती उघड्या पडलेल्या फिकट कातडीवर बोटं फिरवत राहिली. तिसरा पाठ मात्र असा झाला की तपासनीस मान डोलवत होते.

मग होळी आली. तांड्यावरची होळी बघायला ती मला घेऊन निघाली. लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं. तिचा बेत सरळ होता. भावसिंग सणाला खाणीवरून येणारच, आधी त्याला एकट्याला गाठून सांगायचं. तो समजून घेईल, नवा चुडा आणेल. तोवर पदर आवरून राहायचं. रस्त्यात मला म्हणाली, "घाबरू नको हं. आमच्यात बाया भेटल्या की गळ्यात पडून रडतात. आनंदाचंच असते ते."

तांड्याच्या तोंडाशीच तिची सासू मानीबाई धावत आली. सुनेच्या गळ्यात पडली आणि सूर लावून रडायला लागली. बसंतीही रडू लागली. बघायला मोठं गोड होतं ते. रडता रडता मानीबाईने सुनेचे दंड धरले. हात वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. पोलक्याच्या आत काही लागेना. मानीबाईचा सूर एकदम चिरला. "मार बेटा रे!" म्हणत तिने कपाळ बडवून घेतलं आणि जमिनीवर बसली.

मला त्यांची गोरबोली येत नव्हती; 'मार बेटा' म्हणजे 'माझा लेक', हे मागाहून कळलं. मी मनात म्हटलं, चांगलीच पद्धत आहे बुवा. कोणीतरी दिलेलं पाणी पीत मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात घराघरांतून बाया धावल्या आणि सगळा तांडा भावसिंगच्या नावाने रडू लागला. आणि बसंती? सासू मुलाच्या नावाने टाहो फोडते आहे, हे बघून तिला वाटलं, खाणीवरून बातमी आली असणार, आपण वाटेत असतानाच आली असणार. तीही धाडकन खाली कोसळली. तिला रडताना बघून बायांची खात्रीच पटली. कोणी कोणाला एक शब्द विचारला नाही. पुरुष मंडळी प्रेत आणायला वणीची गाडी गाठायची म्हणून सडकेकडे निघाली.

सडकेवर एसटीतून भावसिंग उतरत होता. हातात सणाचा खाऊ, डोक्याला नवा रुमाल. त्याला बघून त्याचा सख्खा काका मागच्या मागे पळाला. भावसिंग घाईघाईने तांड्यात शिरला, आईला रडताना बघून त्याचा चेहरा उतरला आणि त्याने विचारलं, "कोन मेलं?"

त्या वेळी हसू येण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. आजही मला ते येत नाही.

त्या वर्षी होळी पेटली, पण कोणी नाचलं नाही. जित्या माणसाचं रडणं झालं, हा मोठा अपशकुन. तांड्याच्या प्रमुखाने, देवसिंग नाईकाने, बैठक घेतली. निवाडा असा झाला की भावसिंगने बायकोला नव्याने चुडा चढवावा, नव्याने लग्न लागल्यासारखं. तसं झालं. मी एकटीच यवतमाळला परतले. बसंती म्हणाली, "चार दिवसांनी येतो." ती आलीच नाही.

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा अभ्यंकरबाई मला म्हणाल्या, "चल सत्यशीला, दाखव तो तांडा." पांढरं पातळ आवरून बाई उन्हातून चालत माझ्याबरोबर तिथे गेल्या. बसंती दारात ज्वारी पाखडत होती, दंडभर नवा चुडा. बाई काही बोलणार तोच मानीबाई पुढे आली. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण तिची नजर बाईंच्या हातांवर होती.

"कधी गेला वं तुहा?"

बाई गोंधळल्या. "मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या.

मानीबाईने त्यांना मिठीत घेतलं आणि मोठ्याने रडायला लागली. बाई काठीसारख्या ताठ उभ्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला बघवेना. त्यांच्या नवऱ्यासाठी त्यांच्या गळ्यात पडून आजवर कोणी रडलं नसणार, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मला त्यांच्या सगळ्या नातलगांचा संताप आला.

डोळे पुसून बाई बसंतीला म्हणाल्या, "चुडा घालूनच ये. परीक्षेच्या पाठात खडखडू दे काय खडखडतो तो. तपासनिसांशी मी भांडते."

"जा ना," भावसिंगही म्हणाला. मानीबाईने मान हलवली, म्हणाली, "जाऊ दे तिले. पोरायले शाळा पाह्यजे."

आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं. आणि बसंती म्हणाली, "नाही येत."

बाईंनी समजावलं, मी भांडले, तिला भित्री म्हटलं. तांड्यावर शाळा त्या वर्षी निघाली नाही, पुढची कित्येक वर्षं निघाली नाही. गुराखी पोरं बघितली की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. इतक्या सगळ्या पोरांचं नुकसान एका बाईच्या हट्टापायी, असं मी तेव्हा म्हटलं आणि तिच्या तोंडावर म्हटलं.

ती आम्हांला सडकेपर्यंत पोचवायला आली. बाई पुढे होत्या. मी फणकाऱ्याने विचारलं, "काहून नाही येत? आता कोन अडवून राह्यलं तुले?"

ती हळू म्हणाली, "त्या दिवशी भावसिंग मेला म्हणून मी रडत होती, तवा खरीच रडत होती, सत्यशीला. पण रडता रडता मनात आलं, बरं झालं. आता चुड्याचं कोनी इचारनार नाही, आता परीक्षा देता येते." तिने माझ्याकडे बघितलं. "सांग, आता कोन्या तोंडानं येऊ?"