दादांच्या खुर्चीत बसलेला माणूस

अकरा वाजून गेले तरी माणसाचा पत्ता नाही म्हणून त्या गुरुवारी मी चरफडत बसले होते. गुरुवार हा आमच्या कन्सल्टंट वर्द्यांचा वार. नाहूरहून मरोळला कारखान्यावर यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, तरी कधी उशीर नाही. तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या शेजाऱ्यांकडून त्यांची सून बोलत होती. "ताई, बाबा पहाटे गेले." आणि मी काय म्हणावं? "अहो, पण आज तर त्यांना इकडे यायचं होतं." या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझा वैताग काही उतरलेला नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, अचानक गेले आणि बिजागऱ्यांचा कारखाना माझ्या गळ्यात पडला. बाराव्या-तेराव्यानंतर आमच्या परब फोरमननी केबिनमधल्या दादांच्या खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवला, हार घातला. रोज सकाळी उदबत्ती. मी आपली बाजूला टायपिस्टच्या टेबलाशी. सगळ्यांना ते योग्यच वाटत होतं, मलाही. इकडे मोठं गिऱ्हाईक कुरकुरत होतं, पॉलिशचं खातं बंद करून माणसं प्रेस मशीनवर घेतल्याशिवाय धडगत नव्हती, आणि मी सगळ्यांना "बघू" म्हणत होते. बोरिवलीच्या एका मैत्रिणीने हट्टाने कन्सल्टंट गाठून दिला. मला वाटलं, कोणी टायवाला येईल. आले ते बुशशर्टातले, रिटायर झालेले वर्दे, काखेत स्वतःच्या चहाचा थर्मास, कारण आमचा चहा म्हणे पाक असतो. केबिनमध्ये आले, इकडेतिकडे बघितलं, दादांचा फोटो अलगद उचलून टेबलावर ठेवला आणि त्या खुर्चीत सरळ बसले की हो. उदबत्ती अजून जळत होती.

"उठा तिथून," मी म्हटलं.

"उठतो. मग कोण बसणार?"

"कोणी नाही. ती दादांची आहे."

"बाहेर परबांना विचारलं, इथे कोण ठरवतं. ते म्हणाले, दादा."

असा संताप आला होता... त्या माणसाला हाकलून द्यायचंच बाकी होतं. पण तो फोटो शेवटी भिंतीवर गेला, आणि निव्वळ रागाच्या भरात मी त्या खुर्चीत बसले. वर्दे समोरच्या खुर्चीत गेले आणि थर्मासचं झाकण उघडू लागले.

पुढे दर गुरुवारी हाच छळ. या गृहस्थाने कधी एक सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. काही विचारलं की, "तुम्हाला काय वाटतं?" अहो, मला कळत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? पॉलिश खात्याचं तुम्हीच जाऊन सांगा, तुमचं ऐकतील, म्हणून मी हातापाया पडले. "मी संध्याकाळी नाहूरला जाणार," ते म्हणाले, "उद्या सकाळी त्यांच्यासमोर तुम्ही असणार." मग माझ्याकडून ते भाषण घोटून घेतलं. स्वतः परब झाले आणि इतक्या भिकार मालवणीत माझ्याशी भांडले की मी रडायची ती हसायला लागले. प्रत्यक्षात खऱ्या परबांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि म्हणाले, "ताई, ह्या आधीच सांगूक होया होता. आमका वाटला, कारखानो बंद पडतलो." दुसऱ्या दिवसापासून माणसं प्रेसवर उभी राहिली. वर्द्यांना हे सांगितलं तर म्हणतात काय, माझी मालवणी तेवढी वाईट नव्हती.

शेवटच्या भेटीत शेजारचा गाळा घ्यावा का, हे विचारलं होतं. कर्ज काढावं लागणार, फसलं तर आहे ते सगळं जाणार. पुन्हा तेच... तुम्हाला काय वाटतं? मी भडकले. "वर्देसाहेब, एकदा तरी सरळ सांगा." ते हसले, थर्मास काखेत मारला. "बरं, पुढच्या गुरुवारी सांगतो."

आणि हा असा गुरुवार.

गेल्या आठवड्यात केबिनमध्ये आले, तर वर्द्यांच्या त्या समोरच्या खुर्चीवर हार. पुढ्यात उदबत्ती. "परब, परत तेच?" मी म्हटलं. परब मान खाली घालून उभे. पण हार उचलायला माझाही हात होईना. तेवढ्यात गाळ्याचा मालक आला आणि खुर्चीकडे बघून अवघडून दारातच थांबला. मी उठले, हार काढला, भिंतीवर दादांच्या फोटोला घातला, आणि म्हटलं, "बसा."

तो बसला. "मग काय ठरलं, मॅडम?"

"घेतेय," मी म्हटलं.

तो ताबा कधी, कागद कधी, असं बोलत सुटला. मी हो-हो करत होते, आणि मनातून वर्द्यांवर नुसती धुमसत होते. एवढं ऐकायला एक गुरुवार थांबायला काय झालं होतं तुम्हाला?