काळी लोकर, पांढरी लोकर

वडूजच्या आमच्या शाळेत फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारं नको ते अडवणारी यंत्रणा, बसवायला ते एकदाच आले होते. मेंढपाळाच्या घरातले, सैन्यातून निवृत्त झालेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी भंगारात काढलेल्या संगणकावरची धूळ त्यांनी फुंकरीनं उडवली, जुनं सगळं पुसून लिनक्स ही प्रणाली घातली आणि शेवटी त्याचा मॉनिटरही काढून घेतला.

"अहो, मग दिसणार कसं?"

"सर, राखणदाराकडं कोण बघत बसतंय व्हय? त्यानं बघायचं."

बाहेरून येणाऱ्या वायरीला त्यांनी खिशातली काळी लोकर बांधली, आत जाणारीला पांढरी. "अदलाबदल झाली, तर लांडगा कळपात आन् मेंढरं भाईर."

परवा त्या संगणकाच्या जागी फायरवॉलचा नवा चकचकीत डबा बसवताना इंजिनिअरनं ती लोकर कचऱ्यात टाकली. मी उचलली. धुळीनं दोन्ही सारख्याच दिसत होत्या. नळाखाली धरल्या, तेव्हा पांढरी ओळखू आली.

मग नव्या वायरींना बांधल्या.