‘नाव काढणे’ला दिलेले चार गुण

चिमूरच्या घरात मागच्या खोलीत बसून मी नेमकं काय करते, हे आईला समजायला बरेच दिवस लागले. एआय एजंट माणसाचं बोलणं ऐकतो आणि त्याला दिलेल्या सॉफ्टवेअरच्या साधनांपैकी एक निवडून काम करून टाकतो. साधन आतून कसं चालतं हे त्याला दिसत नाही. सोबत लिहिलेली दोन-चार ओळींची माहिती वाचून तो ठरवतो. ती माहिती नीट लिहिली आहे का हे पाहून मी तिला पाचपैकी गुण देते. आई शाळेतून निवृत्त झालेली. ती म्हणाली, “म्हनजे पेपरच तपासतेस ना वं.” मला ते पटलं.

पोंभुर्णा तालुक्यातल्या एका मच्छीमार संस्थेसाठी असा एजंट बनत होता. सभासदानं फोनवर विचारायचं आणि तलावात जाळं टाकायची आपली पाळी कधी आहे ते त्यानं सांगायचं. साधनांची माहिती मराठीतच होती. मी ती एका दुपारी वाचून संपवली. त्यात एक साधन होतं ‘नाव काढणे’. खाली एकच ओळ: ‘सभासदाचे नाव यादीतून काढते.’ छोटं, सरळ वाक्य. मी चार गुण दिले आणि पुढे गेले.

महिन्याभरानं एजंट बनवणाऱ्या कंपनीतून फोन आला. संस्थेत गोंधळ झाला होता. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन पाहते.

संस्थेच्या खोलीत सचिवभाऊ होते आणि दारातच साठीची एक बाई बसली होती. नवरा गेल्यापासून त्याच्या जागी तीच सभासद होती आणि त्याचंच जाळं वापरत होती. तिनं फोनवर म्हटलं होतं, “यादीतून माहं नाव काढून दे.” म्हणजे शोधून सांग, कपाटातून कागद काढून देतात तसं. एजंटानं ‘नाव काढणे’ हे साधन उचललं आणि तिचं नाव यादीतून पुसून टाकलं. वर तिला सांगितलं, “नाव काढलं आहे.” ती समाधानानं घरी गेली. संस्थेत पाळ्या वाचून दाखवल्या तेव्हा तिचं नाव आलं नाही. वर्षातली मोठी मासेमारी झाली त्या दिवशी ती तलावाच्या काठावर बसून बाकीच्यांची जाळी पाहत राहिली.

सचिवभाऊंनी कागदी रजिस्टर पाहून नाव परत चढवलं होतं. तो दिवस मात्र कोणालाच परत देता येणार नव्हता.

“ते लिहिलेलं मीच तपासलं होतं,” मी तिला सांगितलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तू वाचलं होतं?”

“हो.”

“मंग तुले काऊन नाई दिसलं?”

नाव काढणे म्हणजे रद्द करणे, हे मी आधीच गृहीत धरलं होतं. त्यामुळे वाक्य मला स्पष्ट वाटलं. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या जागी बसून मी ते वाचलंच नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला आणि तिला म्हटलं, “बाई, मी एकेक वाचते. तुम्हाला काय समजतं ते सांगा.” आधी तिनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, “वाच.”

‘पाळी बदलणे: सभासदाची पाळी बदलते’ हे ऐकून तिनं मला थांबवलं. “कोनासंग बदलते? त्या दुसऱ्याले इचारलं का?” मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. ‘तलाव बंद’ म्हणजे कोणी बंद केला, किती दिवस, हेही तिनंच विचारलं. सचिवभाऊ मधेच समजावायला लागले तशी ती म्हणाली, “तुमाले ठाऊक हाय, भाऊ. त्या मशिनीले कुठी ठाऊक हाय?”

त्या संध्याकाळी मी माझे गुण मागे घेतले आणि कंपनीला लिहिलं की चूक माझ्या तपासणीतही होती. ‘नाव काढणे’चं नाव ‘सभासदत्व रद्द करणे’ झालं. त्याखाली लिहिलं की एजंटाला हे परत फिरवता येत नाही, सचिवांनी होकार दिल्याशिवाय वापरू नये, आणि सभासदाला फक्त नाव पाहायचं असेल तर ‘नाव शोधणे’ वापरावं. आता कुठलीही माहिती तपासताना मी ती आधी आईला मोठ्यानं वाचून दाखवते. ती कंटाळते, पण चुका काढते.

पुढच्या वेळी संस्थेत गेले तेव्हा ती बाई भेटली. एजंट आता बरोबर सांगतो, मी म्हटलं, एकदा विचारून बघा.

“सांगत असंन,” ती म्हणाली, आणि आपली पाळी विचारायला सचिवभाऊंच्या टेबलाकडे गेली.